आबांची फाइल: निवृत्तीनंतर कुडाळ तालुक्यात डॉक्टर शोधताना

ही हकिकत माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याची. दोघांना विचारून लिहितो आहे. नावं आणि वाडी सांगितलेली नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी त्यांना आबा आणि काकी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. मी स्वतः मुंबईत पालिकेच्या एका रुग्णालयात औषधनिर्माता होतो. निवृत्त होऊन शेजारच्या गावात राहायला आलो. डॉक्टरकी माझी नाही, पण गोळ्या ओळखतो, आणि या प्रकरणात माझा संबंध तिथूनच आला.

पार्श्वभूमी

आबांचा जन्म १९५५चा. ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात नोकरी, डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर घर, इमारतीला लिफ्ट नाही. २०१५ साली निवृत्त झाले. मुलगा बंगळुरूला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. २०१९च्या मे महिन्यात दोघं कुडाळ तालुक्यातल्या वडिलोपार्जित घरी कायमचे राहायला आले. घर नीट करून घेतलं होतं: न्हाणीघर आत आणलं, कमोड बसवला, पडवीला जाळी लावली. विहिरीचं पाणी तपासलं, मोबाइलची रेंज कुठे येते ते पाहिलं (खळ्यात येते, माजघरात येत नाही), माकडांचा उपद्रव किती हेसुद्धा विचारून घेतलं.

डॉक्टरांबाबत मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मोठं हॉस्पिटल किती लांब?’

सिंधुदुर्गात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: बांबोळी. पणजीजवळचं गोवा मेडिकल कॉलेज. त्याची परंपरा १८४२ साली सुरू झालेल्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते, आणि आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आली आहेत. २०१८च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क भरावं लागतं, तरी ओढा कमी झाला नाही. कुडाळहून मुंबई-गोवा महामार्गाने ते अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आबांनी हिशोब केला, दीड-दोन तास. डोंबिवलीहून परळला जायलाही तेवढेच लागायचे. झालं, विषय संपला.

तो हिशोब चूक नव्हता, प्रश्न अपुरा होता. अपघात, मेंदूतला रक्तस्राव, मोठी शस्त्रक्रिया असं काही झालं तर बांबोळी. पण वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस आबांना लागणार होता तो कुणीतरी त्यांचा रक्तदाब, त्यांची साखर आणि त्यांच्या गोळ्या एकत्र पाहणारा माणूस. तो डोंबिवलीत होता. पंचवीस वर्षांचा ओळखीचा डॉक्टर मागे राहिला, आणि त्याच्या जागी कुणाला नेमायचं असतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आपल्याकडे घर बदलताना गॅसचं कनेक्शन बदलून घेतात, डॉक्टर बदलून घेत नाहीत.

अडचण कशी वाढत गेली

आबांना २००६पासून मधुमेह, २०१०पासून रक्तदाब. पुढे प्रोस्टेटचा त्रास आणि गुडघे. २०२३पर्यंत त्यांच्या उपचारांचा नकाशा असा झाला होता: साखर आणि रक्तदाब डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे, वर्षातून दोनदा गेलं की. प्रोस्टेट कोल्हापूरला, कारण मेहुण्याचं ऑपरेशन तिथे चांगलं झालं होतं. गुडघे कुडाळात. पायाच्या मुंग्या बंगळुरूत, कारण मुलाकडे गेले असताना त्या वाढल्या. चारही डॉक्टर आपापल्या जागी व्यवस्थित होते, हे मुद्दाम सांगतो. कुणीही हलगर्जी केली नाही. पण चौघांपैकी प्रत्येकाला आबांचा एक चतुर्थांश भाग दिसत होता.

दुसरी बाजू पैशांची. नोकरीत असताना कंपनीचा आरोग्य विमा होता. निवृत्तीच्या दिवशी तो संपला. गट विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीची वर्षं प्रतीक्षाकाळात (जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळात) धरली जातात, पण त्यासाठी अर्ज मुदतीत करावा लागतो. आबांना हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मुलाने त्यांना आपल्या कंपनीच्या विम्यात घेतलं होतं, मग वेगळा हप्ता कशाला? २०२३च्या सुरुवातीला मुलाने नोकरी बदलली. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत नव्हते. वयाच्या ६८व्या वर्षी, मधुमेह आणि रक्तदाबासकट, आबा विम्याविना राहिले.

मुलाची चूक म्हणून हे सांगत नाही. नोकरी बदलताना तिशी-पस्तिशीतला माणूस पगार बघतो. पण आईवडिलांचा विमा मुलाच्या नोकरीला टांगलेला असेल, तर नोकरी सोडण्याआधी तो प्रश्न टेबलावर यायला हवा.

ती पहाट

२०२३चा ऑगस्ट. पंधरा दिवस पाऊस थांबून थांबून पडत होता. आबांनी हौसेने परड्यातली कामं काढली होती, गुडघे धरले होते, म्हणून ते दुखण्यावरची गोळी रोज दोनदा घेत होते. एकादशीचा उपवास होता. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. रात्री भूक नाही म्हणून अर्धा कप दूध घेऊन झोपले. साखरेची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. गोळी चुकवायची नाही, ही त्यांची शिस्त.

पहाटे पाच वाजायच्या सुमारास काकींना जाग आली ती आबांच्या विचित्र आवाजाने. ते उठून बसले होते, अंग घामाने भिजलेलं, जीभ जड, आणि उजवा हात उचलता येत नव्हता. काकींना ओळखत नव्हते. शेजारचा मुलगा धावत आला. त्याने पाहताक्षणी सांगितलं, ‘काकी, ह्यां अर्धांग दिसता. बांबोळीक न्हेवया.’

घाईत गाडी काढली. घर कुडाळच्या दक्षिणेला, त्यामुळे कुडाळ मागेच राहिलं. १०८ला फोन केला नाही, गावातल्या डॉक्टरांना उठवलं नाही. कपाटात साखर मोजायचं यंत्र होतं. त्याच्या पट्ट्यांची मुदत मार्चमध्ये संपली होती, हे नंतर कळलं. त्या वेळी ते यंत्र कुणाला आठवलंही नाही.

बांद्याच्या अलीकडे आबांना उलटी झाली. घाबरून शेजाऱ्याने महामार्गालगतच्या एका लहान रुग्णालयासमोर गाडी थांबवली. डॉक्टर वर झोपलेले. रात्रपाळीच्या सिस्टर बाहेर आल्या, आबांच्या ओल्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, ‘डायबेटीस आहे?’ उत्तराची वाट न पाहता त्यांनी बोट टोचलं. साखर ४१.

शिरेतून ग्लुकोज गेल्यावर काही मिनिटांत आबांनी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी कुणाची आणलीत?’ उजवा हात हलायला लागला होता. अर्धांग नव्हतंच. साखर फार खाली गेली की मेंदूचा एखादा भाग गप्प होतो, आणि ते चित्र हुबेहूब पक्षाघातासारखं दिसू शकतं. म्हणून पक्षाघाताची शंका आली तरी सगळ्यात आधी बोट टोचायचं असतं. घरापासून तिथपर्यंत पाऊण तास गेला होता, आणि घरातली धावपळ धरून जवळजवळ सव्वा तास. तो नशिबाने आबांना महाग पडला नाही.

शुद्ध आली म्हणून तिथूनच परत फिरायचा बेत झाला होता. सिस्टर आणि खाली आलेले डॉक्टर, दोघांनी अडवलं. ज्या गोळीने साखर उतरली तिचा असर लांबतो. ग्लुकोज संपलं की साखर पुन्हा खाली जाऊ शकते. बांबोळीला तीन दिवस ठेवून घेतलं. डोक्याचा सीटी स्कॅन निर्मळ निघाला. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र १.९ होतं (मूत्रपिंडं मंदावली की हा आकडा चढतो). बंगळुरूच्या दीड वर्षापूर्वीच्या कागदावर ते १.२ होतं. तो कागद बंगळुरूच्याच पिशवीत होता, बाकी तिघा डॉक्टरांनी कधी पाहिलेला नव्हता.

गोळ्यांची पिशवी

घरी आल्यावर काकींनी मला बोलावलं. लाडूच्या रिकाम्या डब्यात सगळ्या पट्ट्या होत्या. मी त्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीचं मूळ नाव कागदावर लिहीत गेलो. अकरा प्रकार झाले.

रक्तदाबासाठी डोंबिवलीच्या डॉक्टरांची जोडगोळी होती, टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिनची. शिवाय दुसऱ्या एका कंपनीच्या नावाने नुसती ॲम्लोडिपिन. ती कधीतरी कुडाळात रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून सुरू झालेली. म्हणजे एकच औषध दोन नावांनी, दुप्पट. ॲम्लोडिपिनचा डोस वाढला की बऱ्याच जणांच्या पायावर सूज येते. आबांच्याही आली होती. ती सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्याच्यावर आणखी एक गोळी. चाळीस वर्षांच्या नोकरीत हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की मला पट्ट्या पाहूनच घोट्यावरची सूज दिसते.

आता पुढची साखळी. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्यावरची गोळी, ही तीन औषधं एकत्र आली की म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. अंगात पाणी कमी असेल तर जास्तच. मूत्रपिंडं मंदावली की ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी शरीरात रेंगाळते. त्यात उपवास. एकादशीची पहाट एका रात्रीत आली नव्हती, ती दोन वर्षं चार गावांतून येत होती.

मुंग्यांची गोष्ट तर छोटीशीच. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या शरीरात बी-१२ कमी होतं आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात. आबांना मुंग्यांवर गोळी मिळाली होती, बी-१२ कुणी मोजलं नव्हतं.

मी एकही गोळी बंद करायला सांगितली नाही. माझं काम यादी करण्याचं. यादीवर निर्णय घेईल असा माणूस शोधायला हवा होता, आणि तोच खरा प्रश्न होता.

कोणते पर्याय तोलले

गणपतीला, म्हणजे १९ सप्टेंबरच्या आसपास, मुलगा आणि मुलगी दोघंही घरी आली. कोकणात घरातले मोठे निर्णय चतुर्थीलाच होतात, कारण एरवी सगळे एका छपराखाली येतच नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बोलणं सुरू झालं.

मुलाचं म्हणणं, बंगळुरूला चला. मोठी रुग्णालयं वीस मिनिटांवर. काकी म्हणाल्या, रुग्णालय वीस मिनिटांवर, पण शेजारीण किती मिनिटांवर? तिथे दोघं दिवसभर बाराव्या मजल्यावर बसून असत आणि भाजीवाल्याशीही बोलता येत नसे. मुलगा गप्प झाला. त्याला ते ठाऊक होतं.

मुलीला डोंबिवली हवी होती. जुना डॉक्टर, ओळखीचा औषधवाला, रात्री-अपरात्री मिळणारी रिक्षा. हा पर्याय सगळ्यात भक्कम वाटत होता. त्याच्या विरुद्ध उभ्या होत्या तिसऱ्या मजल्याच्या चोपन्न पायऱ्या आणि काकींचे गुडघे. शिवाय त्या डॉक्टरांनी सकाळची वेळ बंद केली होती, असं फोन केल्यावर कळलं.

पावसाळ्याचे चार महिने डोंबिवली आणि बाकी गावी, ही मधली तडजोडही निघाली. मला ती त्या वेळी बरी वाटली होती. आज वाटत नाही: दोन ठिकाणी राहणं म्हणजे पुन्हा दोन डॉक्टर, दोन औषधवाले, दोन फायली. रोग तोच.

आबांना स्वतःला ‘सगळंच बांबोळीला’ हवं होतं. बरं झालं तिथेच ना? पण साध्या तपासणीला पहाटे निघायचं, बाहेरच्या रुग्णांच्या रांगेत उभं राहायचं, दर वेळी नवा तरुण डॉक्टर, संध्याकाळी परत. दोन-तीन महिन्यांनी माणूस जायचंच टाळतो. मोठं रुग्णालय मोठ्या दुखण्यासाठी असतं. महिन्याच्या महिन्याला माणूस ओळखणं हे त्याच्या रचनेतच बसत नाही.

शेवटी ठरलं ते असं: राहायचं गावीच, पण कुडाळात एक डॉक्टर पक्का धरायचा. बाकी सगळे त्याच्यामार्फत. सहा महिने करून बघायचं, नाही जमलं तर डोंबिवलीला तळमजल्यावर भाड्याने जागा. ती सहा महिन्यांची मुदत महत्त्वाची ठरली. तिच्यामुळे मुलं तयार झाली आणि आबांनाही कायमचं काही कबूल करावं लागलं नाही.

डॉक्टर कसा निवडला

तीन ठिकाणी गेले. मी तिन्ही वेळा सोबत होतो.

पहिलं नवं, चकचकीत रुग्णालय. स्वागतकक्षातच ज्येष्ठांच्या तपासण्यांचं पॅकेज हातात पडलं. आत गेल्यावर यादी न वाचताच अँजिओग्राफीचा विषय निघाला, छातीची कसलीही तक्रार नसताना. आबा बाहेर येऊन म्हणाले, ‘माणसं चांगली आहेत, पण मी काही विकत घ्यायला आलेलो नाही, असं सांगायची संधीच मिळाली नाही.’

दुसरे एमडी डॉक्टर, तालुक्यात नाव मोठं. हुशार माणूस, यात शंका नाही. यादी पाहिली, दोन मिनिटांत ॲम्लोडिपिनची दुबार गोळी पकडली. पण बाहेर पन्नास माणसं होती, फोन कंपाउंडर उचलत असे, आणि पुढची भेट सहा आठवड्यांनी.

तिसरे साठी ओलांडलेले एमबीबीएस. जुनं दवाखान्याचं घर, लाकडी बाक, भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी यादी वाचायला बारा मिनिटं घेतली. मधेच विचारलं, ‘ह्यातली कुठली गोळी तुम्ही खरंच घेता?’ आबा खरं बोलले: रात्रीची कोलेस्टेरॉलची ते निम्मे दिवस विसरत. मग डॉक्टर म्हणाले, ‘मूत्रपिंडाचं एकदा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवू. ते माझं काम नाही. त्यांनी काय सांगितलं ते मात्र मला आणून दाखवायचं, ते माझं काम.’

आबांनी तिथेच ठरवलं. मुलाला पदवी कमी वाटत होती. मी त्याला माझं मत सांगितलं, इथेही सांगतो: निवृत्तीनंतर रोजच्या डॉक्टरची परीक्षा करायची तर तीन गोष्टी पाहाव्यात. तो आधीची औषधं वाचतो का, एखादं औषध बंद करायची त्याची तयारी आहे का, आणि ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे’ असं तो म्हणू शकतो का. पदवीची पाटी या तिन्हींपैकी काहीच सांगत नाही.

काय केलं

दोन महिन्यांत गोळ्या अकरावरून सहावर आल्या. एकदम नाही, एकेक करून, मध्ये रक्त तपासत. दुबार ॲम्लोडिपिन गेली, सूज उतरली, लघवीची गोळी गेली. दुखण्यावरची गोळी बंद. गुडघ्यांसाठी व्यायाम आणि गरजेला साधं पॅरासिटामॉल. ग्लिमेपिराइडच्या जागी एकट्याने साखर फार खाली न नेणारी, मूत्रपिंडांवर भार न टाकणारी लिनाग्लिप्टिन आली आणि मेटफॉर्मिन निम्मी झाली. हृदयविकार कधी झालेला नसताना वर्षानुवर्षं चाललेली ॲस्पिरिन डॉक्टरांनी थांबवली. बी-१२ खरोखरच कमी निघालं. त्याची गोळी सुरू होऊन मुंग्यांची गेली. साखरेची सरासरी (एचबीए१सी ही तपासणी) सहाच्या घरात आणायचा अट्टहासही त्यांनी सोडायला लावला. या वयात तीन महिन्यांची सरासरी साडेसातच्या आसपास राहिली तरी चालेल, पहाटे पडणं चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

फाइल एकच केली. पहिल्या पानावर औषधांची मूळ नावं, कंपनीची नव्हेत. मागे रक्ताचे कागद तारखेप्रमाणे. बंगळुरू किंवा नाशिकला जाताना फाइल हातातल्या पिशवीत, डिकीत नाही. दुसऱ्या कुणीही नवी गोळी दिली तर ती कुडाळच्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवल्याशिवाय सुरू करायची नाही. या एका नियमाला आबांनी सगळ्यात जास्त कुरकुर केली आणि तोच सगळ्यात जास्त पाळला.

मग दाराच्या मागचा कागद. हा काकींच्या अक्षरात आहे. सगळ्यात वर: ‘बोट टोचा.’ साखर ७०च्या खाली आणि माणूस शुद्धीवर, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. गिळता येत नसेल तर तोंडातून काहीही घालायचं नाही, सरळ फोन. छातीत दुखलं तर थेट बांबोळी नाही, जवळ जिथे रात्रीही ईसीजी निघतो तिथे आधी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जिल्ह्यातच मिळू शकतं आणि वेळ तिथेच वाचतो. तोंड वाकडं, हात लुळा आणि साखर ठीक असेल तर जिथे सीटी स्कॅन आहे तिथे, कारण पक्षाघातावरच्या इंजेक्शनाला साडेचार तासांची मर्यादा असते. त्याखाली फोन क्रमांक: वाडीतले बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी असलेले) डॉक्टर, रिक्षावाला, १०८.

वाडीतल्या त्या बीएएमएस डॉक्टरांबद्दल दोन शब्द. आबा त्यांना ‘आपल्या उपयोगाचे नाहीत’ म्हणून चार वर्षं ओलांडून जात होते. ते पाच मिनिटांवर राहतात, त्यांच्याकडे साखरेचं यंत्र, ऑक्सिजन आणि शिरेतून ग्लुकोज देण्याची सोय आहे. त्या पहाटे त्यांचं दार वाजवलं असतं तर प्रकरण वाडीतच मिटलं असतं, निदान पहिला धोका तरी.

विम्याचं काम सगळ्यात रखडलं. २०२४मध्ये विमा नियामकांनी नवीन पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची वयाची अट काढली आणि आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, तरी आबांच्या कागदपत्रांवर मिळालेला हप्ता पेन्शनला परवडणारा नव्हता. त्यांनी हप्त्याऐवजी वेगळी मुदत ठेव केली. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण आलं, आणि २०२५मध्ये सत्तर पूर्ण होताच आबांनी ते कार्ड काढलं. त्याची मर्यादा त्यांना आधीच समजावली होती: ते फक्त योजनेतल्या रुग्णालयांत आणि दाखल झाल्यावरच चालतं. महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरांची फी, रक्ततपासणी खिशातूनच. गोळ्यांचा खर्च जनऔषधी केंद्रामुळे बराच उतरला.

काय झालं

क्रिएटिनिन १.४वर येऊन थांबलं. १.२ परत मिळालं नाही. साखर खाली जाण्याचा प्रसंग पुन्हा आला नाही. आबा एकादशी करतात, पण गोळीचं आदल्या दिवशी विचारून.

मार्च २०२५मध्ये दारामागचा कागद कामाला आला. रात्री अकराला छातीत जड वाटायला लागलं. बोट टोचलं, साखर ठीक. रिक्षावाल्याचा फोन बंद. १०८ला लावला, गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. कुडाळात ईसीजी, काही तासांनी पुन्हा ईसीजी आणि रक्ताची तपासणी, सगळं ठीक. पित्त असावं, असं ठरलं. आबांना लाज वाटत होती की एवढी धावपळ फुकट गेली. डॉक्टर म्हणाले, ‘फुकट गेली हेच बरं.’ कागदावर आता दुसऱ्या रिक्षावाल्याचाही क्रमांक आहे.

आणि मग काकी.

फेब्रुवारी २०२४मध्ये, आबांची तपासणी संपल्यावर, डॉक्टर सहज काकींना म्हणाले, ‘तुम्ही बसा जरा या खुर्चीत.’ रक्तदाब १९० आणि १०४. पुन्हा मोजला, तेवढाच. पाच महिने दर पंधरवड्याला त्या आबांची फाइल छातीशी धरून त्या बाकावर बसत होत्या. त्याआधीची साडेचार वर्षं चार गावांतल्या डॉक्टरांसमोर नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांचा हात कुणी पुढे घेतला नव्हता. मीही नाही. मी त्यांच्याच टेबलावर बसून, त्यांनी केलेला चहा पीत, नवऱ्याच्या अकरा गोळ्या मांडल्या आणि ‘तुम्ही काय घेता’ हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की डोकं दुखलं की आबांच्याच डब्यातली दुखण्यावरची गोळी त्या घेत होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

२०१५मध्ये, निवृत्तीच्या आधी तीन महिने, कंपनीच्या विम्याचं काय होतं हे विचारायला हवं होतं. त्या वेळी चालू झालेली पॉलिसी २०२३पर्यंत सगळे प्रतीक्षाकाळ ओलांडून गेली असती. या प्रकरणातली भरून न निघालेली चूक ही एकच, असं मला वाटतं. बाकीच्या उशिरा का होईना सुधारल्या.

२०१९मध्ये गावी येताना डोंबिवलीच्या डॉक्टरांकडून दोन पानांचा सारांश लिहून घ्यायला हवा होता, आणि पहिल्याच महिन्यात, काही दुखत नसताना, कुडाळात कुणाला तरी भेटायला हवं होतं. दुखणं घेऊन गेलेला माणूस डॉक्टर पारखू शकत नाही.

त्या पहाटे बोट टोचायला हवं होतं. त्यासाठी यंत्र उशाशी आणि पट्ट्या मुदतीतल्या हव्या होत्या. पट्टी वीसेक रुपयांची.

आणि सप्टेंबरच्या बैठकीत फाइल करायची ठरली तेव्हा दोन करायला हव्या होत्या. काकींची फाइल मार्च २०२४मध्ये सुरू झाली. त्यांना सत्तरीला अजून बराच अवकाश असल्यामुळे आबांचं कार्ड त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी राज्याची महात्मा फुले योजना आहे, पण शिधापत्रिकेवर त्यांच्या नावात एक अक्षर चुकलेलं आहे आणि ते दुरुस्त होण्यासाठी आत्तापर्यंत तीन फेऱ्या झाल्या. चौथी पुढच्या सोमवारी.

डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं की ते संध्याकाळची वेळ आता बंद करणार आहेत. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात असतो, तो इकडे येणार नाही. आबांनी विचारलं, ‘मग तुमच्यानंतर आम्ही कुणाकडे जायचं?’ डॉक्टरांनी एका नव्या मुलीचं नाव सांगितलं, एमडी होऊन नुकतीच कुडाळात आली आहे. दोघं पुढच्या आठवड्यात तिला भेटायला जाणार आहेत. काही दुखत नाहीये. दोन्ही फायली पिशवीत भरून ठेवल्या आहेत, काकींची वर.